लहान तोंडी मोठा घास : जॅकी ऑर्म्स यांची व्यंगचित्रे आणि त्यांची भाषा

एम.ए.च्या वर्गात शब्दशक्ती शिकवताना मी अनेक वर्षे तीच ती उदाहरणे देत आले आहे. 'सूर्य मावळला' या एकाच वाक्याचा अर्थ गुराख्याला वेगळा, पुजाऱ्याला वेगळा आणि चोराला वेगळा. विद्यार्थी माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहितात. व्यंजना ही संस्कृत ग्रंथांतली एक जुनी वस्तू आहे, अशी त्यांची समजूत पक्की होते आणि त्यात दोष माझ्या उदाहरणांचा असतो.

म्हणून अलीकडे मी वर्गात एक व्यंगचित्र सांगते. ऑक्टोबर १९५५. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका साप्ताहिकात छापलेली एकच चौकट. पाच-सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मोठ्या बहिणीला सांगते आहे, की या नाजूक विषयावर उगाच कुरकुर करायची तिची इच्छा नाही, पण ती नवी पांढरी चहाची किटली आत्ताच तिच्याकडे पाहून शिट्टी वाजवत होती. बस, एवढेच. वर्गात कोणी हसत नाही. एखाद-दुसरा विद्यार्थी 'मग?' असे विचारतो. मग मी त्या आधीच्या सहा आठवड्यांत काय घडले ते सांगते आणि वर्ग गप्प होतो. व्यंजना म्हणजे काय, हे त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही.

ते चित्र जॅकी ऑर्म्स यांचे. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-व्यंगचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या कारकिर्दीची ओळख करून देणे हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू असा : थोड्या वाचकांसाठी, आपल्याच माणसांसाठी लिहिणाऱ्याच्या भाषेत कोणती ताकद येऊ शकते आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, हे या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या आपणा सर्वांना तो प्रश्न परका नाही.

मुद्रितशोधक ते चित्रकार

जॅकी ऑर्म्स यांचे मूळ नाव झेल्डा मेविन जॅक्सन. जन्म १ ऑगस्ट १९११, पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे. वडिलांचा छापखाना होता. मुलगी सहा वर्षांची असताना ते अपघातात गेले. पुढे आई मोनोंगहेला या लहान गावी राहायला गेली. तेथील शाळेत झेल्डा चित्रे काढू लागली. शाळेत असतानाच तिने 'पिट्सबर्ग कुरिअर' या साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहिले आणि मुष्टियुद्धाच्या एका सामन्याचे वार्तांकन करण्याचे काम मिळवले. शिक्षण संपल्यावर ती त्याच साप्ताहिकात मुद्रितशोधक म्हणून रुजू झाली. जोडीला न्यायालय, पोलीस आणि शहरातील माणसांच्या बातम्याही लिहू लागली. १९३१ मध्ये अर्ल ऑर्म्स यांच्याशी विवाह झाला. त्यांची एकुलती एक मुलगी तीन वर्षांची असताना मेंदूतील गाठीने दगावली.

चित्रकार होण्याआधी त्या मुद्रितशोधक होत्या, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. मुद्रितशोधक शब्द मोजतो. ओळ कोठे तुटते, कोणता शब्द काढला तरी चालतो, हे त्याच्या डोळ्यांना सवयीने कळते. ऑर्म्स यांच्या चित्राखालच्या ओळींत जो काटेकोरपणा आहे, त्याचे मूळ मला या नोकरीत दिसते.

'कुरिअर' हे साधेसुधे साप्ताहिक नव्हते. देशभरातील कृष्णवर्णीय वस्त्यांत ते वाचले जाई. वेगवेगळ्या शहरांसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघत आणि १९४७ च्या सुमारास खप साडेतीन लाखांवर पोचला होता. स्वतःचा छापखाना, स्वतःचे वार्ताहर, स्वतःचे वाचक. दुसऱ्या महायुद्धात परदेशातील हुकूमशाहीवर आणि देशातील वंशभेदावर असा दुहेरी विजय हवा, ही मोहीम १९४२ मध्ये याच पत्राने चालवली. गोऱ्या मालकांच्या दैनिकांत कृष्णवर्णीय माणसाची बातमी आली, तर बहुधा गुन्ह्याची. लग्ने, पदव्या, सभा, दुःखे यांची नोंद फक्त 'कुरिअर', 'शिकागो डिफेंडर' अशा पत्रांत होई.

त्या काळातील व्यंगचित्रांची स्थितीही ध्यानात घ्यायला हवी. लोकप्रिय चित्रकथांत कृष्णवर्णीय पात्र म्हणजे जाड ओठांचा, बटबटीत डोळ्यांचा, मोडकी इंग्रजी बोलणारा नोकर. विल आयस्नर हे अमेरिकन चित्रकथेतील फार मोठे नाव. पण त्यांच्या १९४० पासूनच्या 'द स्पिरिट' या मालिकेतील एबनी व्हाइट हा मुलगाही याच साच्यातला. त्यात चित्राचा दोष होता तितकाच भाषेचाही. हसे पिकवायचे ते पात्राच्या उच्चारांवर. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. मालक प्रमाण भाषेत बोलतो आणि गडी बोलीत बोलून हशा मिळवतो, अशी नाटके आपणही पाहिली आहेत.

न वाचता येण्याचे सोंग

मे १९३७ मध्ये 'कुरिअर'मध्ये ऑर्म्स यांची पहिली चित्रमालिका सुरू झाली. नायिका टॉर्ची ब्राऊन, मिसिसिपी राज्यातील एका खेड्यातली तरुण मुलगी. ती न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत येते आणि कॉटन क्लबमध्ये गाऊन-नाचून नाव कमावते. कथा गमतीची, पण तिचा पाया खरा होता. दक्षिणेतील शेतमजुरी आणि दडपशाही सोडून लाखो कृष्णवर्णीय त्या दशकांत उत्तरेकडील शहरांत येत होते. टॉर्चीचा प्रवास म्हणजे वाचकांपैकी अनेकांचा किंवा त्यांच्या आई-वडिलांचा प्रवास होता.

या मालिकेतील एक प्रसंग विलक्षण आहे. आगगाडीत चढताना टॉर्चीसमोर दोन पाट्या येतात. एक गोऱ्यांसाठी, एक कृष्णवर्णीयांसाठी. टॉर्ची आपल्याला वाचता येत नाही असे सोंग घेते आणि गोऱ्यांच्या बाजूला जाऊन बसते. कृष्णवर्णीय माणूस अडाणी असतो, हा समोरच्याचा समज. टॉर्ची तोच समज हत्यार म्हणून वापरते. भाषण नाही, संताप नाही. विनोदाची ही जात ऑर्म्स यांना सुरुवातीपासूनच साधली होती. मालिका वर्षभर चालली.

बोलणारी धाकटी, न बोलणारी थोरली

१९४२ मध्ये ऑर्म्स दांपत्य शिकागोला आले. तेथील प्रसिद्ध कला-विद्यालयात त्यांनी काही अभ्यासक्रम केले. १९४५ मध्ये 'शिकागो डिफेंडर'मध्ये 'कँडी' ही त्यांची एकचौकटी व्यंगचित्रे काही महिने आली. त्यातील मोलकरीण आपल्या मालकिणीबद्दल मिस्कील शेरे मारत असे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'कुरिअर'मध्ये 'पॅटी-जो अँड जिंजर' सुरू झाले आणि १९५६ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे चालले.

रचना अगदी साधी होती. दर आठवड्याला एक चौकट. तीत दोन बहिणी. थोरली जिंजर देखणी, नव्या फॅशनचे कपडे घालणारी. धाकटी पॅटी-जो अजून शाळकरी. चित्राखाली एकच ओळ असते आणि ती नेहमी पॅटी-जोची. जिंजर कधीच बोलत नाही. तिचे डोळे विस्फारतात, हात तोंडाशी जातो, मान वळते, इतकेच.

आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूसही कधी बोलला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण या दोन मौनांत फरक आहे. लक्ष्मण यांच्या चित्रात बोलतात ते सत्ताधारी किंवा बाजूची माणसे आणि न बोलणारा त्यांचे बोलणे साक्षीदारासारखा ऐकतो. ऑर्म्स यांच्या चित्रात बोलणारीला बोलण्याचा धोका कळत नाही आणि न बोलणारीला तो पुरता कळतो. 'लहान तोंडी मोठा घास' ही आपली म्हण मुलांना गप्प बसवण्यासाठी वापरतात. ऑर्म्स यांनी तीच गोष्ट उलटी फिरवली. जो घास मोठ्या तोंडाला घेता येत नाही, तो त्यांनी लहान तोंडात दिला. घरांच्या वाटपातील भेदभाव, वेगळ्या शाळा, अणुबाँब, सरकारी चौकशी समित्या असे विषय पॅटी-जोच्या बोलण्यात येत. आणि ती बोलते ती शुद्ध, चटपटीत इंग्रजी. त्या काळच्या वाचकाला हा तपशील नक्कीच जाणवला असणार.

जिंजरच्या कपड्यांवर काही अभ्यासक नाराज असतात. राजकीय ओळीशेजारी एवढे सौंदर्य कशाला, असा त्यांचा प्रश्न. मला वाटते, ते सौंदर्यही विधानच होते. कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे डोक्याला फडके बांधलेली स्वयंपाकीण, असे चित्र जेथे रोज दिसत होते, तेथे नीटनेटके घर आणि बेतून शिवलेला पोशाख दाखवणे हे उत्तरच आहे.

किटलीची शिट्टी

आता त्या ऑक्टोबर १९५५ च्या चित्राकडे वळू. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल नातेवाइकांकडे मिसिसिपीला गेला होता. एका दुकानातील गोऱ्या बाईकडे पाहून त्याने शिट्टी वाजवली, असा आरोप झाला. २८ ऑगस्ट १९५५ च्या रात्री त्याला घरातून उचलून नेले आणि हालहाल करून ठार मारले. आईने शवपेटी उघडी ठेवून अंत्यदर्शनाला परवानगी दिली, कारण आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे अशी तिची इच्छा होती. २३ सप्टेंबरला सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. ऑर्म्स यांचे चित्र त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी आले.

त्या ओळीत टिलचे नाव नाही. खून, न्यायालय, मिसिसिपी यांतला एकही शब्द नाही. आहे ती एक किटली, तिचा रंग आणि तिची शिट्टी. कृष्णवर्णीय मुलाने शिट्टी वाजवल्याच्या आरोपाची शिक्षा मृत्यू. मग पांढऱ्या किटलीने कृष्णवर्णीय मुलीकडे पाहून शिट्टी वाजवली, तर किटलीला शिक्षा कोणती? हा प्रश्न ऑर्म्स विचारत नाहीत. तो वाचक विचारतो आणि म्हणून तो त्याचा स्वतःचा होतो. न्यायाचा सगळा तराजू किती वाकडा आहे, हे स्वयंपाकघरातील एका भांड्याने दाखवून दिले.

या ओळीचा मराठी अनुवाद करून पाहावा. शिट्टीपाशी मराठी अडत नाही. कुकरचीही शिट्टी आणि रस्त्यावरच्या टवाळाचीही शिट्टी, आपल्याकडे शब्द एकच आहे. अडते ते रंगापाशी. इंग्रजीत किटली आणि माणूस या दोहोंना एकच विशेषण लागते. मराठीत किटली पांढरी आणि माणूस गोरा. 'पांढरी किटली' म्हटले तर माणूस निसटतो. 'गोरी किटली' म्हटले तर माणूस सापडतो, पण मुलीचा निरागसपणा हरवतो आणि लेखक मागून डोकावू लागतो. हा पेच सोडवण्याचा प्रयत्न माझ्या विद्यार्थ्यांनी अनेक प्रकारे केला आहे. एकाने 'गोरीपान किटली' असे सुचवले. बालसुलभ लाडाचा शब्द म्हणून तो बराच जवळ जातो. उत्तर कोणतेही असो, श्लेषाचा सगळा भार एका विशेषणावर कसा पेलला जातो, हे या प्रयत्नातून हाताला कळते.

एवढी छोटी ओळ पुरली, कारण वाचक जवळचा होता. त्या दोन महिन्यांत 'कुरिअर'च्या प्रत्येक वाचकाच्या घरी टिलची चर्चा झाली होती. काही समजावून सांगायचे नव्हते. हेच चित्र गोऱ्यांच्या दैनिकात आले असते, तर खाली तीन ओळींचा खुलासा लागला असता आणि व्यंजनेची जागा माहितीने घेतली असती. मोठा वाचकवर्ग लेखकाला कीर्ती देतो. जवळचा वाचकवर्ग त्याला संक्षेप देतो.

स्वतःचा कागद

ऑर्म्स यांनी काढले ते वृत्तपत्रातील चित्रपट्ट्या आणि चौकटी. सुट्या विकल्या जाणाऱ्या चित्रकथा-पुस्तिकांचे जग वेगळे होते. तेथे काय झाले ते पाहिले, की 'कुरिअर'चे महत्त्व कळते. जून १९४७ मध्ये फिलाडेल्फियातील पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी 'ऑल-नीग्रो कॉमिक्स' ही पुस्तिका काढली. लेखक आणि चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. पाने ४८, किंमत १५ सेंट. त्यात एक गुप्तहेर होता आणि आफ्रिकेत कामगिरीवर गेलेला लायन मॅन नावाचा शास्त्रज्ञ नायकही होता. आफ्रिकी वारशाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या चित्रकथेची ही पहिली पावले. पण दुसरा अंक निघालाच नाही. तयारी झाली होती, पण पूर्वी कागद देणाऱ्या विक्रेत्यांनी कागद द्यायचे नाकारले. कल्पना होती, चित्रकार होते, वाचक होते. नव्हता तो कागद. ऑर्म्स यांची मालिका अकरा वर्षे टिकली, त्यात त्यांच्या प्रतिभेइतकाच वाटा स्वतःचा छापखाना असलेल्या साप्ताहिकाचा आहे.

त्याच १९४७ मध्ये पॅटी-जोची बाहुली बाजारात आली. नेब्रास्का राज्यातील टेरी ली कंपनीशी ऑर्म्स यांनी करार केला आणि नाताळापर्यंत बाहुल्या दुकानांत पोचल्या. कृष्णवर्णीय बाहुली तोवर बहुधा मोलकरणीच्या किंवा फाटक्या कपड्यांतल्या पोरीच्या रूपात मिळे. या बाहुलीला उत्तम शिवलेल्या कपड्यांचा संच होता. करार १९४९ च्या अखेरीस संपला.

१९५० ते १९५४ या काळात टॉर्ची रंगीत पुरवणीत परतली. शेजारी कातरून घ्यायच्या कागदी बाहुल्या आणि त्यांचे पोशाख असत. ही टॉर्ची मोठी झाली होती, प्रेमात पडत आणि फसत होती, पण सावरत होती. मालिकेच्या शेवटच्या पर्वात ती एका डॉक्टरसोबत दक्षिणेतील गावात काम करते आणि एका कारखान्याच्या विषारी सांडपाण्याने गरीब कृष्णवर्णीय वस्ती कशी आजारी पडते, हे उघड करते. पर्यावरण आणि वर्ण यांचा संबंध इतक्या आधी एका प्रेमकथेच्या मालिकेत यावा, हे आजही चकित करते.

याच वर्षांत एफबीआय त्यांच्यावर नजर ठेवून होती. त्यांच्यावरील फाइल २८७ पानांची आहे. १९५६ नंतर ऑर्म्स यांनी व्यंगचित्रे थांबवली. त्या रंगचित्रे काढत राहिल्या. पुढे संधिवाताने हात आखडले. शिकागोतील आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या ड्युसेबल संग्रहालयाच्या संस्थापक मंडळात त्या होत्या. २६ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

विस्मरणाची किंमत

जवळच्या वाचकासाठी लिहिण्याची किंमत येथे दिसते. मोठ्या दैनिकांतील चित्रमालिकांची पुस्तके निघाली, ग्रंथालयांनी ती जपली. ऑर्म्स यांची चित्रे जुन्या साप्ताहिकांच्या पानांत पडून राहिली. नॅन्सी गोल्डस्टीन यांनी ती शोधून २००८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा नव्या पिढीला त्या सापडल्या. त्याच्या आदल्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्री-चित्रकथाकारांना पुढे आणण्यासाठी त्यांच्या नावाने एक संस्था स्थापन झाली होती. २०१८ मध्ये चित्रकथेच्या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मानितांत त्यांची नोंद झाली. त्या सन्मानाला नाव आहे विल आयस्नर यांचे. एबनी व्हाइट काढणाऱ्या चित्रकाराच्या नावाच्या दालनात पॅटी-जोची आई जाऊन बसली. काळाने केलेला हा विनोद ऑर्म्स यांना आवडला असता.

मराठीचे या लोकांशी नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते तेथील ब्लॅक पँथरवरून. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. कविता आली, आत्मकथने आली. चित्रे मात्र तेवढी आली नाहीत. व्यंगचित्र म्हणजे वाचून टाकून द्यायची गोष्ट, असे आपण धरून चालतो, हे त्याचे एक कारण असावे.

टाकून देण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या मराठी वाचनालयात मी गेले, तेव्हा दारात रद्दीवाल्याची हातगाडी उभी होती. तिच्यावर स्थानिक मराठी साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे होते. जागा नाही, कोणी मागत नाही, असे मला सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते. मी दोन गठ्ठे उचलून आणले. त्यात वाचकांची पत्रे आहेत, लग्नाच्या बातम्या आहेत आणि कोण्या स्थानिक चित्रकाराची सही नसलेली व्यंगचित्रे आहेत. त्यातल्या निम्म्या ओळी मला कळत नाहीत, कारण त्या ज्या घटनांवर आहेत त्या सांगणारे आता कोणी उरलेले नाही. जवळच्या वाचकासाठी लिहिलेले जपायचे असेल, तर अंकासोबत त्याची आठवणही जपावी लागते.

वर्गासाठी तीन अभ्यास

१. आपल्या गावातील जुन्या मराठी नियतकालिकातील एक व्यंगचित्र शोधावे. ते कोणत्या घटनेवर आहे, हे घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून अर्ध्या पानात लिहावे. चित्र आणि टिपण एकत्र ठेवावे.

२. किटलीच्या ओळीचे मराठी रूप तयार करावे. खुलासा जोडू नये. कोणता शब्द निसटला आणि त्याबदल्यात काय मिळाले, ते नोंदवावे.

३. दोन पात्रे घ्यावीत. एकच बोलेल, तेही एकच वाक्य. दुसऱ्याचे मौन चित्राने किंवा वर्णनाने दाखवावे. विषय असा निवडावा, जो आपल्या घरात मोठ्या आवाजात बोलला जात नाही.

तिसऱ्या अभ्यासाला माझ्या वर्गात नेहमी वेळ लागतो. विद्यार्थी आधी लांब वाक्ये लिहितात, मग खोडत जातात. शेवटी वहीत चार-पाच शब्द उरतात आणि ते वाचताना शेजारचा विद्यार्थी मान वर करून पाहतो. त्या पाहण्यासाठीच मी दरवर्षी हा पाठ घेते.